शेवट आधी वाचणारी बाई

नाशिक रोडला, स्टेशनाच्या मागच्या अंगाला, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर कामगारांचं वाचनालय होतं. जयराम दोंदे दिवसा प्रेसमध्ये कामाला जात आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ तिथं ग्रंथपाल म्हणून बसत. खालची गिरणी चालू असली की माडीची जमीन थरथरायची आणि पुस्तकांवर पिठाचा पातळ थर बसायचा. दोंदे आल्या आल्या फडकं घेऊन आधी पुस्तकं पुसत. अकराशे पुस्तकांतली निम्म्याहून जास्त त्यांनी स्वतः सायकलवरून आणलेली होती. कुणी बदली झाली म्हणून दिलेली, कुणी वडील गेल्यावर दिलेली. फाटलेली पुस्तकं ते घरी नेत आणि खळ लावून, कापडाची पट्टी चिकटवून नीट करत.

१९७६च्या उन्हाळ्यात वाचकांच्या तक्रारी यायला लागल्या. कादंबरीच्या पहिल्या पानावर, वाचनालयाच्या शिक्क्याखाली, कुणीतरी पेन्सिलीनं तिचा शेवट लिहून ठेवत होतं. अक्षर सुरेख होतं, फळ्यावर सुविचार लिहावा तसं. एका पुस्तकावर होतं, 'बाळ वाचतं. भिऊ नये.' दुसऱ्यावर, 'धाकटा भाऊ जातो. पान २१८. मनाची तयारी ठेवावी.' एका निवृत्त मास्तरांनी तर पुस्तक टेबलावर आपटलं आणि, असंच चालणार असेल तर माझं नाव कमी करा, म्हणून सांगितलं.

दोंदे खोडरबर घेऊन बसले. पण खोडलेल्या पुस्तकांची जागा दुसरी पुस्तकं घेत होती. त्यांना ते स्वतःच्या घरात शिरून कुणी भिंती खरडाव्यात तसं वाटायला लागलं. शेवटी त्यांनी देवघेवीची वही काढली आणि लिहिलेली नऊ पुस्तकं कुणाकुणाकडे गेली होती ते बघितलं. नऊच्या नऊ वेळा एकच नाव सापडलं. यशोदाबाई, देवळाली कॅम्प.

ही बाई दर शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायची. चाळिशीच्या आतली, अंगानं बारीक. कॅम्पातल्या एका बालवाडीत शिकवायची. बोलणं अगदी कमी. दोंद्यांना ती वाचनालयातली सगळ्यात शहाणी सभासद वाटायची, कारण तिनं परत केलेल्या पुस्तकाचा कोपरा कधी दुमडलेला नसायचा. पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा त्यांनी तिला बसायला सांगितलं आणि नऊ पुस्तकं तिच्यासमोर ठेवली.

तिनं नाकबूल केलं नाही. हो, मीच लिहिलं, म्हणाली. वाचणाऱ्याला एकदम धक्का बसू नये म्हणून.

दोंद्यांचा आवाज चढला. शेवट कळल्यावर कादंबरीत राहतं काय, असं त्यांनी विचारलं. लिहिणाऱ्यानं चारशे पानं कशासाठी लिहिली, लोकांनी ती कशासाठी वाचायची?

"मी शेवट आधीच वाचते," ती म्हणाली. "त्याशिवाय मला वाचताच येत नाही. नुसती धावत सुटते, काय होईल, काय होईल. शेवट कळला की मग सावकाश वाचते."

"तुम्ही कसंही वाचा. दुसऱ्याच्या ताटात हात घालू नका."

तिनं नऊ पुस्तकं नीट रचून टेबलाच्या कडेला ठेवली. रविवारी कार्यकारिणी भरली आणि तिचं सभासदत्व रद्द झालं. दोंद्यांनीच ठराव मांडला. कार्ड परत द्यायला ती स्वतः आली, टेबलावर ठेवलं, नमस्कार केला आणि जिना उतरून गेली.

घरी दोंद्यांनी ही हकीगत बायकोला सांगितली. कमळाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. लग्नानंतर बारा वर्षांनी त्यांना वाचायचा नाद लागला, तोही नवऱ्यानं बांधायला आणलेल्या पुस्तकांमुळे. ओठ हलवत, शब्दावर बोट ठेवत वाचायच्या. दिवसाला पाच पानं, फार तर सहा. एक कादंबरी त्यांना दोन-तीन महिने पुरायची आणि तेवढे दिवस त्यातली माणसं घरातलीच होऊन जायची. भाकऱ्या थापताना त्या मधेच म्हणायच्या, आज त्या पोरीनं सासऱ्याला चांगलं तोंडावर सांगितलं. शेवट चुकूनसुद्धा डोळ्यांखाली यायला नको म्हणून नवं पुस्तक आलं की त्या नवऱ्याकडून शेवटची दहा पानं दोऱ्यानं शिवून घ्यायच्या. दोंदे दोन टाके घालत. ती पानं आली की कमळाबाई स्वतः कात्रीनं दोरा कापत.

यशोदाबाईंचं ऐकून त्या म्हणाल्या की बरं केलंत, काढून टाकलंत ते. त्यांच्याही हाती असं एक लिहिलेलं पुस्तक आलं होतं आणि निम्म्यावर सोडावं लागलं होतं. पण थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, त्या बाईला कसली एवढी भीती वाटते हो? दोंद्यांनी ते विचारलं नव्हतं.

तीन वर्षं गेली. १९७९च्या दिवाळीनंतर कमळाबाईंचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी ओवा खाल्ला, मग डॉक्टरांचं औषध घेतलं, मग नाशिकला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तिथून मुंबईला जावं लागलं. पंधरा दिवसांच्या तपासण्यांनंतर तिथल्या डॉक्टरांनी दोंद्यांना एकट्याला खोलीत बोलावलं. गाठ पसरलेली होती. ऑपरेशनचा उपयोग नव्हता. चार महिने, फार तर पाच, ते म्हणाले, घरी न्या, त्यांना हवं ते खाऊ घाला.

सोबत दोंद्यांचे थोरले भाऊ कोंडाजी होते. त्यांनी इस्पितळाच्या पायरीवरच ठरवून टाकलं की कमळेला यातलं काही सांगायचं नाही. बाईमाणूस आहे, ऐकूनच खचेल. पोटात व्रण आहे, हळूहळू बरा होईल, असं सांगायचं. मनमाडला दिलेल्या मुलीलाही सध्या कळवायचं नाही. दोंद्यांनी मान हलवली. त्या वेळी त्यांना ते बरोबरच वाटलं, आणि सोपंही वाटलं.

घरी आल्यावर कमळाबाईंनी पुस्तक मागितलं. दोंद्यांनी कपाटातली चांगली म्हणून एक कादंबरी आणली. येवल्याच्या बाजूच्या एका विणकर घराण्याची तीन पिढ्यांची गोष्ट, साडेसहाशे पानांची. जाड बघून कमळाबाई खूष झाल्या. व्रण बरा होईपर्यंत पुरेल, म्हणाल्या. दोंद्यांनी शेवटच्या पानांना टाके घातले आणि सुई ओढताना त्यांच्या मनात हिशेब आला. आता तिला दिवसाला तीन पानंसुद्धा होत नव्हती. साडेसहाशे पानांना सात महिने लागणार होते.

त्या दिवसापासून त्यांचं कशात लक्ष लागेना. संध्याकाळी घरी आले की त्यांची नजर आधी पुस्तकातल्या खुणेच्या दोऱ्याकडे जायची. बायको मात्र पुढचं बोलत होती. उन्हाळ्यात पापड करू, पावसाळ्याआधी मनमाडला महिनाभर राहून येऊ. एकदा ती म्हणाली की बरं वाटलं की चांगुणाकडेही जाऊन येईन म्हणते, पण आत्ता नाही, चांगली हिंडती-फिरती झाले की जाईन. चांगुणा तिची धाकटी बहीण, सिन्नरजवळच्या खेड्यात दिलेली. दोघींची आई चांगुणाकडेच वारली होती. तार उशिरा मिळाली, कमळाबाई पोचल्या तेव्हा चिता विझत आली होती. सगळ्या गावासमोर त्या बहिणीला म्हणाल्या होत्या की तू मुद्दाम उशिरा कळवलंस. त्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

चांगली हिंडती-फिरती झाले की, हे शब्द दोंद्यांच्या डोक्यातून जाईनात. पुढच्या रविवारी सकाळी ते देवळाली कॅम्पच्या बसमध्ये बसले. खिशात यशोदाबाईंचं जुनं कार्ड होतं. आपण नेमकं कशासाठी चाललोय हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं. कोंडाजीला विचारून उपयोग नव्हता, आणि शेवटाबद्दल ज्या माणसानं काही विचार केलेला असेल असं दुसरं कुणी त्यांना माहीत नव्हतं.

यशोदाबाईंचं घर दोन खोल्यांचं, बाजाराच्या मागे. नवरा यादव लष्कराच्या डेपोत ड्रायव्हर होता, तो ड्युटीवर गेलेला. तिनं दोंद्यांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा ठेवला. दोंद्यांनी कार्ड पुढं केलं आणि चुकलं माझं असं काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी कमळाबाईंचं सगळं सांगितलं.

त्यांचं संपल्यावर तिनं भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट केलं. सात वर्षांचा मुलगा, केस ओले करून भांग पाडलेला. चंदर, माझा मुलगा, ती म्हणाली. १९७१ साली त्याला मेंदूज्वर झाला. इस्पितळात तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यादवला आणि दिरांना बाजूला घेऊन सांगितलं की उद्याचा दिवस निघणार नाही. त्यांनी तिला सांगितलं की ताप उतरतोय, तू दोन दिवस झोपली नाहीस, घरी जा, आंघोळ करून ये. ती घरी आली. सोमवारी शाळा होती, म्हणून तिनं त्याचा गणवेश धुतला. वाळल्यावर इस्त्री करायला घेतला. सदरा झाला होता, चड्डी राहिली होती, तेवढ्यात दारात माणसं आली.

"सगळ्यांना शेवट माहीत होता," ती म्हणाली. "डॉक्टरला, नर्सला, झाडूवालीला. मी एकटी गणवेश धूत बसले. मला सांगितलं असतं तर मी त्याच्याजवळ बसले असते, दुसरं काय."

चहा निवून गेला होता.

"पुस्तकावर मी लिहायला नको होतं," ती पुढं म्हणाली. "त्याचा राग मी धरला नाही. कुणाला आधी कळावं वाटतं, कुणाला नाही. ज्याचं त्यानं बघावं. पण दोंदेभाऊ, हे पुस्तक तुमचं नाही. तिचं आहे."

त्याच दिवशी दुपारी दोंद्यांनी बायकोला सांगितलं. कसं सांगायचं हे बसमध्ये त्यांनी चारदा मनात जुळवलं होतं, पण प्रत्यक्षात डॉक्टर जे म्हणाले तेच शब्द त्यांच्या तोंडून निघाले. कमळाबाई खाटेवर बसल्या होत्या, मांडीवर पुस्तक. त्या रडल्या नाहीत. हे तुम्हाला कधी कळलं, एवढंच विचारलं.

"मुंबईत असताना. सहा आठवडे झाले."

"सहा आठवडे." त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "आईच्या वेळी मला उशिरा कळवलं म्हणून मी पाठची बहीण तोडली. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर बसून जेवलात."

दोन दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. जेवण वाढलं की जेवायच्या, औषध दिलं की घ्यायच्या, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. दोंदे कामावर गेले नाहीत. कोंडाजी येऊन रागावून गेले. मी सांगितलं होतं ना, म्हणाले. दोंद्यांनाही वाटायला लागलं की आपण मोठा घात केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमळाबाईंनी त्यांना हाक मारली. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. मनमाडला मुलीला कळवा. चांगुणाला आणायला स्वतः जा, पत्र टाकू नका. आणि कात्री द्या.

कात्री दिल्यावर त्यांनी पुस्तकाच्या शेवटच्या पानांचा दोरा कापला आणि तिथंच, शब्दावर बोट ठेवत, ती दहा पानं वाचली. त्याला दुपारपर्यंतचा वेळ लागला. घरातली थोरली सून, जी पहिल्या प्रकरणापासून सगळ्यांचं करत आलेली, ती शेवटी एका सकाळी घर सोडून जाते आणि मागांचा खडखडाट चालू असल्यामुळे कुणालाच कळत नाही, असा त्या कादंबरीचा शेवट होता. दोंद्यांना वाटलं, आता ही पुस्तक परत न्यायला सांगेल. पण त्यांनी खुणेचा दोरा होता तिथलं पान, एकशे दहावं का काहीसं, उघडलं आणि पुढं वाचायला सुरुवात केली.

दोंदे सिन्नरच्या बसनं जाऊन चांगुणाला घेऊन आले. ती दारात थबकली. आत यावं की नाही हे तिला समजेना. तार सोमवारीच केली होती, मिळाली बुधवारी, त्यात माझा काय दोष, हे वाक्य ती अकरा वर्षं मनात धरून होती आणि वाटेत बसमध्येही दोंद्यांना दोनदा म्हणून झालं होतं. कमळाबाईंनी तिला बघितलं आणि खाटेवर जरा सरकून जागा केली. चांगुणा तिथं बसली. ते वाक्य तिनं काढलंच नाही. ती राहायला म्हणून दोन दिवसांचे कपडे घेऊन आली होती, ती गेलीच नाही.

मग घराला एक वेगळंच वळण लागलं. मुलगी मनमाडहून येऊन-जाऊन राहायला लागली. कमळाबाईंनी तिला लोणच्याचा मसाला तोंडी सांगण्याऐवजी खाटेवरूनच समोर बसवून करायला लावला. त्यांनी आपल्या साड्या स्वतः वाटल्या. विहारात बुद्धजयंतीला खीर करायचं काम दरवर्षी त्यांच्याकडे असायचं, ते त्यांनी शेजारच्या लताबाईंना नेमून दिलं आणि दूध किती लागतं ते पाठ करून घेतलं.

वाचायला बसवेनासं झालं तेव्हा त्यांनी यशोदाबाईंना बोलवायला सांगितलं. यशोदाबाई दर रविवारी सकाळच्या बसनं यायला लागल्या. त्या वाचायच्या, कमळाबाई डोळे मिटून ऐकायच्या, चांगुणा पाय चेपत बसायची. चांगुणाला अक्षरओळख नव्हती, पण चार रविवारांत तिला त्या विणकरांच्या घरातली सगळी माणसं नावानं माहीत झाली.

पहिल्याच रविवारी कमळाबाईंनी यशोदाबाईंना सांगितलं होतं की तुमचं मला पटत नाही. शेवट कळायला नको होता. त्या दहा पानांची मजा गेली ती गेली. यशोदाबाईंनी ते ऐकून घेतलं. पण पुढं एकदा असं झालं की एका प्रकरणात थोरली सून ट्रंकेतल्या साड्या काढून उन्हात घालते आणि पुन्हा घडी घालून ठेवते, असं दोन-तीन ओळींत आलं होतं. यशोदाबाई वाचत पुढं गेल्या. कमळाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"ते परत वाचा. साड्यांचं."

यशोदाबाईंनी वाचलं.

"बघा, हिनं इथंच ठरवलंय," कमळाबाई म्हणाल्या. "जायचं हे इथंच ठरवलंय. अजून चारशे पानं आहेत आणि घरात एकालाही पत्ता नाही. मी आधीसारखी वाचत असते तर हे वाचूनसुद्धा मला कळलं नसतं."

यशोदाबाईंनी पुस्तक खाली केलं. आठ-नऊ वर्षं शेवट आधी वाचत आले, पण ह्या साड्या माझ्याही हातून सुटल्याच असत्या, असं त्या म्हणाल्या. त्यानंतर दोघी प्रत्येक पानाला थांबायला लागल्या. थोरलीनं ह्याला जास्त का वाढलं, त्याला का नाही. विहिरीवर ती एकटीच का गेली. एका रविवारी मोजून चार पानं झाली. दोंदे दाराशी बसून ऐकत. पुस्तक संपणार नाही याची त्यांना वाटणारी धास्ती कधी गेली ते त्यांना कळलंच नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कमळाबाईंचं बोलणं थांबलं. गुरुवारी दुपारी, चांगुणा एका बाजूला आणि दोंदे दुसऱ्या बाजूला असताना त्या गेल्या. मुलीनं तोंडात पाणी घातलं. कुणी घरी आंघोळीला गेलेलं नव्हतं, कुणाला बोलावून आणावं लागलं नाही. पुस्तकाची साडेतीनशेच्या वर पानं राहिली होती.

कमळाबाईंच्या जलदानविधीला यशोदाबाई यादवला घेऊन आल्या. यादव पुरुषांत बसला होता. परत जाताना त्यानं दोंद्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चंदर गेल्यापासून माझ्याशी तिचं नीट बोलणं नव्हतं, गेल्या दोन महिन्यांत ती घरी येऊन ह्या पुस्तकाचं सांगायला लागली, एवढंच तो म्हणाला.

दोंद्यांनी कार्यकारिणीपुढे जुना ठराव रद्द करायचा प्रस्ताव मांडला. मास्तरांनी थोडी खळखळ केली, पण तो मंजूर झाला. यशोदाबाई पुन्हा शनिवारी यायला लागल्या. शेवट त्या अजूनही आधीच वाचत, पण कुठं लिहीत नसत. कुणी टेबलाशी येऊन, बाई, यात शेवटी सगळं ठीक होतं का, असं हळूच विचारलं तर सांगत. असं विचारणाऱ्या बायका दोंद्यांना वाटत होतं त्याहून पुष्कळ निघाल्या.

त्याआधीच, विधी झाल्यावर दोन दिवसांनी, चांगुणा गावी जायला निघाली होती. दोंदे तिला बसस्टँडवर सोडायला गेले. सकाळची वेळ होती, सिन्नरची गाडी लागायची होती. ती बोचकं मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. दोंद्यांच्या मनात अजून टोचत होतं. ते म्हणाले की मी सांगितलं ते बरोबर केलं का चूक, मला अजून कळत नाही. ते दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, ते डोळ्यांपुढून जात नाहीत.

चांगुणानं पदरानं तोंड पुसलं.

"मला काय बी कळत नाय, दाजी," ती म्हणाली. "पर मला दोन महिने घावले. तुम्ही गप राहिला असता तर मी नुसती मातीला आले असते, आईच्या टायमाला ती आली तशी."

गाडी लागली. दोंद्यांनी तिला खिडकीशी जागा पकडून दिली, बोचकं पायाशी ठेवलं आणि पोचल्यावर कार्ड टाक म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं की तिला लिहिता येत नाही, आणि ते म्हणाले, असू दे, मीच येईन महिन्यानं.